राबणे म्हणजे व्यायाम नव्हे
(धुळे-जळगाव जिल्ह्यांतील महिला गटांच्या शिबिरात केलेले भाषण)



गरोदर बाईच्या व्यायामाचा विषय काढला की आपल्याकडे दोन उत्तरे ठरलेली असतात. शहरातल्या घरात म्हणतात, "जपून राहा, जिना चढू नकोस." खेड्यात म्हणतात, "दिवसभर शेतात राबते, तिला आणखी कसला व्यायाम?" दोन्हीकडे तिच्या शरीराबद्दल बोलणारे दुसरेच!

दुसरे उत्तर आधी घेऊ. वेचणीच्या दिवसांत चोपडा, पारोळा, शिंदखेडा भागातली बाई कमरेला कापसाची ओटी बांधून सकाळपासून वाकलेली असते. मजुरी किलोवर. पाठ सरळ करायला थांबली तर वजन कमी भरते, म्हणून ती थांबत नाही. घरी आल्यावर पाणी आणि चूल आहेच. यात शरीर थकते, बळकट होत नाही. व्यायामात किती करायचे, कधी थांबायचे हे आपण ठरवतो आणि नंतर विश्रांती असते. मजुरीत ते मुकादम ठरवतो. घरात कोण ठरवते, ते तुम्हीच सांगा.

बाळ वाढते तसा भार पुढे येतो, कमरेचा बाक वाढतो, पोटाचे स्नायू ताणले जातात. ओटीपोटाच्या तळाशी असलेले स्नायू गर्भाशय आणि मूत्राशय झोळीसारखे तोलून धरतात. ते सैल पडले की खोकताना, हसताना लघवी सुटते. पुढे अंग बाहेर येऊ शकते. आपल्या सासवा-आज्यांनी हे पदराआड सोसले आहे. "आम्ही जात्यावर दळलं, काही झालं नाही" म्हणणाऱ्या आजीला एकटीला गाठून विचारा.

या स्नायूंचा व्यायाम बिनपैशाचा आहे. लघवी अडवताना जे स्नायू आवळतो तेच आवळून पाच अंक मोजायचे, मग पूर्ण सैल सोडायचे. असे आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. मात्र लघवीला बसलेली असताना हे करू नये. दुसरा प्रकार भिंतीला पाठ लावून: श्वास सोडत पोट हलकेच आत घ्यायचे, कमर भिंतीला टेकवायची. हाच प्रकार हातगुडघ्यांवर ओणवे होऊन, मांजरासारखी पाठ वर घेऊनही होतो. दुखऱ्या कमरेला त्याने फार आराम पडतो. भिंतीवर हात टेकून दंड काढणे, खाटेवरून हात न टेकता सावकाश उठणे-बसणे, याने हातपाय बळकट होतात. श्वास कोंडून जोर करायचा नाही. चौथ्या महिन्यानंतर पाठीवर उताणे पडून व्यायाम नको, उताण्याने झटक्यात उठून बसणेही नको. कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली निरोगी गरोदर बाईला आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम हालचाल सांगितली आहे. मध्यम म्हणजे बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही, इतपत दम.

पण आधी तपासणी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या शंभर गरोदर बायांपैकी सुमारे ४६ जणींना रक्तक्षय होता. हिमोग्लोबिन सातच्या खाली असेल, रक्तदाब वाढलेला असेल, वार खाली असेल किंवा जुळी असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नये. सातपुड्याकडच्या पाड्यांवरच्या मैत्रिणींनी सिकलसेलची तपासणीही करून घ्यावी. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदरपणाची तपासणी मोफत असते. व्यायाम करताना रक्त गेले, पाणी गेले, चक्कर आली, छातीत दुखले, पोटात कळा येऊ लागल्या तर तिथेच थांबून दवाखाना गाठावा. बाळाची हालचाल कमी वाटली तरीही थांबू नये, लगेच जावे.

आता वीस मिनिटे आणायची कुठून? १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात बाळंतपणाआधीच्या काळात बाईने मागणी केल्यास तिला कष्टाचे काम देऊ नये, अशी तरतूद आहे. पण किलोवर वेचणाऱ्या शेतमजूर बाईपर्यंत तो कायदा पोचतच नाही. तिच्यासाठी २०१७ पासूनच्या मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळंतपणाचे पाच हजार रुपये आहेत, तेही हप्त्यांनी. तेवढ्यात किती दिवसांची मजुरी भरून निघते, याचा हिशेब प्रत्येक गटाने आपल्या गावच्या दराने मांडून पुढच्या बैठकीला आणावा. तहसीलदारांपुढे तोच ठेवायचा आहे.

चला, सतरंज्या बाजूला सारा. ज्यांनी तपासणी करून घेतली आहे त्या गरोदर मैत्रिणींनी भिंतीजवळ यावे. सासूबाईंनीही यावे, तळाचे स्नायू त्यांनाही आहेत.