दुष्काळ आणि तान्ह्या मुलाचे पहिले वर्ष
(केंदूर येथील सभेत समितीच्या वतीने केलेले भाषण)



दुष्काळनिवारणाच्या सभेत विहिरी, चारा, टँकर व धान्याचे भाव यांची चर्चा प्रथम व्हावी, हे स्वाभाविक आहे. वाळलेले पीक डोळ्यांस दिसते आणि दावणीचे जनावर हंबरून आपली भूक सांगते. परंतु ज्याच्या नुकसानीचा पंचनामा कोणी करीत नाही, असा एक जीव प्रत्येक वाडीवस्तीवर आहे. तो म्हणजे वर्षाच्या आतील मूल. त्याच्या वतीने चार शब्द बोलण्याची आपली अनुज्ञा आम्ही मागतो.

या एका वर्षात मनुष्यदेहाची जी वाढ होते, तेवढी जन्मानंतर पुढे कधीही होत नाही. निरोगी मुलाचे वजन पाचव्या महिन्याच्या सुमारास जन्माच्या दुप्पट व वर्षअखेरीस तिप्पट होते. जन्मतः सुमारे पन्नास सेंटिमीटर असलेली लांबी पंचाहत्तरच्या आसपास जाते. मेंदू जन्मतः प्रौढ मनुष्याच्या मेंदूच्या सुमारे चौथ्या हिश्शाएवढा असतो, तो वर्षभरात निम्म्याहून अधिक भरतो. सभेस जमलेली मंडळी शेती व व्यापार जाणणारी आहेत. बुडालेले पीक पुढल्या मृगास पुन्हा पेरता येते, व्यापारातील खोट दुसऱ्या हंगामात भरून काढता येते. बुडालेले पहिले वर्ष मात्र पुन्हा पेरता येत नाही. म्हणूनच या मुलाचे साह्य पावसाळ्यापर्यंत तहकूब ठेवता येत नाही.

आता दुष्काळ या मुलापर्यंत पोहोचतो कसा, हे पाहू. ते भाकरी खात नाही, विहिरीचे पाणी पीत नाही. त्याचे अन्न व पाणी दोन्ही त्याच्या आईच्या अंगी आहेत. तेव्हा दुष्काळ त्याच्याकडे जातो तो आईच्या वाटेने, आणि साह्यही त्याच वाटेने गेले पाहिजे. आमच्या सर्व सांगण्याचे सार एवढेच आहे.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांच्या आहाराचा अभ्यास आरंभिला. सुमारे आठशे मातांच्या त्या पाहणीत मुलांचे सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलोग्रॅम भरले. ज्या मातांच्या जेवणात पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा येई, त्यांची मुले अधिक भरलेली होती. आणि ज्यांच्यावर शेतातील व घरातील कष्टांचा भार अधिक, त्यांची मुले लहान होती. दुष्काळ नेमके हेच उलटे करतो. तो ताटातील भाजी प्रथम उचलतो आणि डोक्यावर दुसरा हंडा ठेवतो.

प्रसूतीनंतरही हाच क्रम चालतो. दूध पाजणाऱ्या स्त्रीस पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० उष्मांक अधिक लागतात. म्हणजे नेहमीच्या जेवणाखेरीज आणखी एक पोटभर जेवण. ते न मिळाल्यासही बहुतेक मातांचे दूध लागलीच आटत नाही. शरीर आपले मांस झिजवून मुलास पाजते. दूध कमी होते ते प्रामुख्याने मूल अंगावर पिण्याचे थांबल्यामुळे. कारण जितके पाजावे तितके येते, हा त्याचा नियम आहे. सकाळी कामावर वा टँकरच्या रांगेत गेलेली आई दिवस मावळता परत येते, आणि घरी मूल साखरपाण्यावर ठेवलेले असते. दूध आटण्याचा आरंभ येथे होतो.

पूर्वीच्या दुष्काळांनी हा धडा आपणांस दिलेला आहे. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात सरकारी कामावरील मजुरीचा आधार रोजी एक रत्तल धान्य एवढा खाली आणला गेला, तेव्हा पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती जमवून त्याविरुद्ध गाऱ्हाणे मांडले. एका मजुराच्या पोटाचा हिशेब ज्यात पुरा होत नव्हता, त्यात अंगावर पाजणारीच्या दुसऱ्या जिवाचा हिशेब कोठून असणार? त्याच सुमारास दुष्काळात आईबाप व बहीण गमावलेल्या पंडिता रमाबाईंनी पुढे दौंड तालुक्यातील केडगाव येथे दुष्काळपीडित मुलींना आसरा दिला. त्यांचे मुक्तिसदन आपल्यापासून फार दूर नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या स्त्रियांची मुले बाभळीच्या फांदीस टांगलेल्या झोळीत उन्हात निजत, ही आठवण सांगणारी माणसे महाराष्ट्राच्या खेड्यांतून अद्याप भेटतात. पुढे २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यात अशी तरतूद आली की, कामाच्या जागी सहा वर्षांखालील पाच वा अधिक मुले असल्यास त्यांच्या सांभाळासाठी एका स्त्रीस मजुरीवर नेमावे. कायद्यातील ओळ कामाच्या जागेवर उतरविण्यास मात्र सावली, पाणी व देखरेख लागते, आणि ते काम आपणांसारख्यांच्या उदारतेवाचून होत नाही.

येथे एक अप्रिय गोष्ट स्पष्ट बोलणे आमचे कर्तव्य आहे. दुष्काळ पडला की दयाळू दात्यांच्या मनात प्रथम येतो तो दूधभुकटीचा डबा. हेतू उत्तम, परंतु परिणाम घातक. भुकटी कालविण्यास उकळलेले स्वच्छ पाणी, सरपण व निर्मळ भांडी लागतात, आणि दुष्काळात नेमक्या याच वस्तू दुर्मिळ असतात. गढूळ पाण्यातील भुकटीने हगवण लागते. डबा पुरवून वापरण्यासाठी दूध पातळ केले जाते. दरम्यान अंगावरचे दूध आटते, आणि डबा संपताच मुलास दोन्ही आधार उरत नाहीत. याच कारणास्तव १९९२ च्या कायद्याने, अनाथालयाचा अपवाद सोडून, अशी भुकटी व दुधाच्या बाटल्या दान करण्यास मनाई केली आहे. ज्या मुलास आई नाही, किंवा जिला खरोखरच पाजता येत नाही, त्याची व्यवस्था डॉक्टरांच्या सल्ल्याने वाटीचमच्याने करावी. इतरांसाठी डब्याची रक्कम आईच्या ताटात घालावी, ही आमची प्रार्थना आहे.

मुलाच्या संगोपनाविषयी घरोघरी जे सांगितले जावे, ते थोडक्यात असे. जन्मल्यापासून तासाभरात मूल छातीशी घ्यावे व पहिला पिवळसर चीक त्यास पाजावा. वासरास चीक मिळालाच पाहिजे, हे प्रत्येक गोठ्यात ठाऊक आहे. मनुष्याच्या लेकरास तोच नियम लावावा. सहा महिने पुरे होईपर्यंत केवळ अंगावरचे दूध द्यावे. भर वैशाखातही वरचे पाणी देऊ नये, कारण आईच्या दुधात शंभरांत सत्त्याऐंशीहून अधिक भाग पाणीच असते. मूल लहान चणीचे असल्यास त्यास आईच्या उघड्या छातीशी कातडीस कातडी लावून उबेत ठेवावे. सहा महिने भरताच मुगाची मऊ खिचडी, वरणात कुस्करलेली भाकरी, नाचणीची पेज, शिजवून घोटलेली भाजी, जमल्यास अंडे, व त्यावर चमचाभर तेल वा तूप, असा घट्टसर घास सुरू करावा. प्रथम दिवसातून दोनतीन वेळा, नवव्या महिन्यापासून तीनचार वेळा. अंगावरचे दूध मात्र चालू ठेवावे. जन्मतःच्या लसी, मग सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांतील, आणि नवव्या महिन्यातील गोवराची लस चुकवू नये. हगवण लागल्यास पाजणे थांबवू नये. क्षारसंजीवनीची पुडी एक लिटर पाण्यात कालवून थोडी थोडी द्यावी व जस्ताची गोळी वैद्यकीय सल्ल्याने चौदा दिवस चालवावी. मूल पिईनासे झाले, अंग गार पडले किंवा श्वास धापेचा झाला, तर तत्क्षणी दवाखाना गाठावा.

पोटाइतकीच मनाची भूकही या वर्षात असते. दुसऱ्या महिन्यात मूल ओळखीचे हसते, चौथ्याच्या सुमारास मान धरते, पुढे बसते, रांगते, आणि वर्षाच्या आसपास पहिला शब्द बोलते. ही प्रत्येक पायरी त्याच्याशी बोलणाऱ्या, गाणाऱ्या व खेळणाऱ्या माणसावर अवलंबून आहे. चिऊकाऊच्या घासास पैसा पडत नाही, सवड मात्र लागते. दमून निजलेल्या आईपाशी ती नसते. म्हणून आजीआजोबांनी व पाळणाघरातील बाईने ती द्यावी.

हे सर्व खेड्यात साधत नाही, असे कोणी म्हणू नये. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना शिकवून घरोघरी नवजात मुलांची निगा राखविली. तेथील नवजातांचे मृत्यू, तशी सोय नसलेल्या गावांच्या मानाने, सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. आपल्याच शिरूर तालुक्यात वढू बुद्रुक येथे डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने के. ई. एम. रुग्णालयाने ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. बाईंना १९९३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दोन्ही ठिकाणी मुख्य भांडवल होते ते शिकविलेल्या गावकरी स्त्रियांचे.

सद्गृहस्थहो, आमचे मागणे मोठे नाही. ज्या बागायतदारांच्या विहिरीस पाणी आहे, त्यांनी ओल्या बाळंतिणीचा व गरोदर स्त्रीचा हंडा रांगेत न ठेवता प्रथम भरून द्यावा, आणि बांधावर शेवगा व वाफाभर मेथी राखून तो पाला अशा घरांस न्यावयास मोकळा ठेवावा. ज्यांच्या शेतावर स्त्रिया मजुरीस येतात, त्यांनी पाजण्यासाठी सवड द्यावी व त्या वेळेची मजुरी कापू नये. व्यापारी बंधूंनी मूग, शेंगदाणे, गूळ व तेल यांचा शिधा द्यावा. तो अंगणवाडीच्या यादीप्रमाणे दरमहा आईच्या हाती पडावा. रोख देणाऱ्यांनी कामाच्या जागेवरील एका पाळणाघराचे छप्पर, पाण्याचा माठ व सांभाळणाऱ्या बाईचे वेतन उचलावे.

अन्नदानास आपल्याकडे श्रेष्ठ दान म्हणतात. त्यातही जे ताट एका आईपुढे वाढले जाते, त्यावर दोन जीव जेवतात. व्यापाराच्या भाषेत याहून चोख व्यवहार नाही. मृगाचा पाऊस येईल तेव्हा येईल. तोवर पाळण्यातील या मंडळींचे एकही वर्ष बुडू नये, एवढा भार आपण उचलावा, अशी समितीची आपणांस नम्र विनंती आहे.