इंजिन एकटे की गिअरबॉक्ससह?



मोटारीचे इंजिन उतरवावयाचे ठरले म्हणजे कारागिरापुढे पहिला प्रश्न असा येतो की, इंजिन एकटेच बाहेर काढावे, की पाठीमागच्या गिअरबॉक्ससह काढावे? हा ज्याच्या त्याच्या सवयीचा भाग आहे, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः मालकाचा खर्च, गिअरबॉक्सचे आयुष्य आणि गाडीखाली शिरणाऱ्या माणसाची सुरक्षितता या तिन्ही गोष्टी या निर्णयावर अवलंबून असतात. म्हणून त्याचा थोडा शांतपणे विचार करू.

बऱ्हाणपूर जिल्ह्यातील आमच्या तुकईथडसारख्या गावी या प्रश्नाला विशेष धार आहे. अकोला-खांडवा मार्गावरील मीटरगेज गाडीचे दिवस सरले, तशी जीप, बोलेरो आणि मालवाहू गाड्यांवरची लोकांची भिस्त वाढली. जी गाडी आठ दिवस उभी राहते, तिच्या मालकाच्या घरची चूलही मंदावते. शहरातील मोठ्या कारखान्यात इंजिन उचलण्याचे चाकांचे यंत्र असते. खेड्यात एखादी चेन-कप्पी, दोन जॅक आणि चार माणसे एवढ्यावरच काम निभावून न्यावे लागते. माझ्या वर्गातून गेलेली काही मुले आज हाती पान्हा घेऊन पोट भरतात. त्यांना हा विषय नवा नाही. परंतु गाडी ज्याची आहे, त्यालाही तो समजावा, अशी माझी इच्छा आहे.

पहिली गोष्ट ही की, प्रत्येक दुखण्याला इंजिन उतरवावे लागत नाही. नुसता क्लच घसरत असेल, तर मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत बहुधा इंजिन जागेवर ठेवून गिअरबॉक्स तेवढा खाली उतरवता येतो. व्हॉल्व्ह किंवा हेडचे गॅस्केट यांच्यासाठी हेड काढले की भागते. क्रँक झिजला असेल, बोअर करावयाचा असेल, म्हणजेच इंजिन शहरातील यंत्रशाळेत नेणे भाग असेल, तेव्हा मात्र उतरवण्यावाचून गत्यंतर नसते. तेव्हा मालकाने प्रथम विचारावे, ‘इंजिन कशासाठी उतरवता?’

आता या दोहोंचा संबंध पाहू. जुनी ॲम्बॅसेडर, पद्मिनी, त्याचप्रमाणे जीप, या गाड्यांत इंजिन लांबीच्या दिशेने पुढे बसलेले असते आणि गिअरबॉक्स त्याच्या पाठीशी बोल्टांनी जोडलेला असतो. इंजिनच्या मागच्या टोकाला फ्लायव्हील आणि त्यावर क्लच. गिअरबॉक्समधून एक दांडा पुढे येतो, क्लच प्लेटच्या मधल्या दातेरी छिद्रातून जातो आणि त्याचे टोक क्रँकच्या मागच्या टोकातील लहानशा बेअरिंगमध्ये किंवा बुशमध्ये टेकते. हा दांडा फिरण्यासाठी आहे, ओझे पेलण्यासाठी नव्हे. आजच्या भाषणातील एकच वाक्य लक्षात ठेवावयाचे असेल, तर ते हे ठेवावे.

इंजिन एकटे काढताना हेच पथ्य सांभाळावे लागते. अशा बहुतेक गाड्यांत पुढे दोन फाउंडेशन इंजिनला आणि मागचा आधार गिअरबॉक्सच्या शेपटीला असतो. इंजिन निघाले की गिअरबॉक्सचे पुढचे तोंड निराधार होते. म्हणून जोडणीचे बोल्ट सोडण्यापूर्वीच त्याच्याखाली जॅक किंवा भक्कम लाकडी टेकू द्यावा. मग इंजिनचे वजन कप्पीवर घेऊन ते सरळ रेषेत पुढे ओढावे. दांडा क्लचमधून पूर्ण सुटेपर्यंत वर उचलू नये. घाईने तिरके उचलले की सारा भार त्या दांड्यावर येतो आणि क्लच प्लेट वाकते. नवी प्लेट वाकली, तर गाडी जोडल्यावर गिअर करकरतात, आणि दोष मात्र गिअरबॉक्सला दिला जातो.

पुन्हा जोडताना दुसरी परीक्षा असते. क्लच प्लेट अगदी मध्यावर बसवून मगच तिच्यावरची प्रेशर प्लेट आवळावी लागते. त्यासाठी जुन्या गिअरबॉक्सचा दांडा किंवा तंतोतंत मापाने कातलेला लाकडी दांडा वापरतात. इंजिन आणि गिअरबॉक्स यांची तोंडे हाताने मिळत नसतील, तर बोल्ट आवळून ती बळेच मिळवू नयेत. बोल्टच्या ओढीने गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या कवचाचा कान तडकतो आणि चार तासांच्या कामाला चार दिवस लागतात.

दोन्ही एकत्र काढले, तर ही जुळवणी जमिनीवर, डोळ्यांसमोर करता येते. गिअरबॉक्सचीही दुरुस्ती करावयाची असेल, तर हाच मार्ग चांगला. परंतु त्याची किंमत मोजावी लागते. मागे जाणारा प्रोपेलर शाफ्ट, मीटरची केबल, गिअरच्या दांडीची जोडणी, क्लचची जोडणी, मागचा आधार, हे सारे सोडवावे लागते. गिअरबॉक्समधील तेल आधी काढले नाही, तर तिरके होताच ते शेपटीतून वाहू लागते. ओझे लांबट असल्यामुळे पुढचे तोंड वर आणि शेपूट खाली, अशा तिरक्या स्थितीत ते बाहेर येते. त्याला उंची जास्त लागते, पुढची जागा मोकळी लागते, रेडिएटर तर काढावाच लागतो. जेथे कप्पी उंच टांगता येत नाही, तेथे हा मार्ग धरू नये.

गाडीची घडण बदलली की उत्तरही बदलते. चारही चाकांवर चालणाऱ्या जीपमध्ये गिअरबॉक्समागे आणखी एक पेटी असते आणि तिच्यातून पुढे व मागे दोन शाफ्ट निघतात. नुसत्या इंजिनच्या कामासाठी हा सारा संसार उपसण्यात अर्थ नसतो. उलट, 1983 साली आलेली मारुती 800 किंवा 1998 ची टाटा इंडिका यांच्यात इंजिन आडवे असून गिअरबॉक्स त्याच्या शेजारी बसतो आणि तेथूनच पुढच्या चाकांना शाफ्ट जातात. तेथे बहुधा दोन्ही एकत्रच काढणे सोयीचे पडते. जर्मनीच्या जुन्या फोक्सवॅगन बीटलचे इंजिन पाठीमागे होते. ते गिअरबॉक्सला चारच ठिकाणी जखडलेले असे. ते मागे ओढून खालून उतरवीत आणि गिअरबॉक्स गाडीतच राही. यावरून एकच नियम सर्वांना लावू नये, हे उघड होते.

आता सर्वांत महत्त्वाचे. गाडीचे इंजिन सुमारे शंभर ते दोनशे किलो भरते. डिझेलचे जड, आणि गिअरबॉक्सची भर निराळी. खेड्यात कडुलिंबाच्या फांदीला कप्पी टांगून काम उरकण्याची रीत आहे. ‘आजवर फांदी मोडली नाही,’ असे सांगतात. परंतु फांदी आतून किती पोखरली आहे, हे बाहेरून दिसत नाही, आणि हिसका बसला की भार वजनाहून कितीतरी वाढतो. त्यापेक्षा पाय एकमेकांना बांधलेली लोखंडी तिवई बरी. कप्पीवर तिची क्षमता लिहिलेली असते, ती वाचावी. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नये. पक्के टेकू द्यावेत. टांगलेल्या इंजिनखाली हातपायही जाऊ देऊ नयेत. बोल्ट चुकवण्यासाठी ‘जरा हात घाल’ असे शिकाऊ पोराला सांगितले जाते. पण त्याच्या बोटांना सुटा भाग कोठल्याही दुकानात मिळत नाही.

कामाचा क्रम साधा आहे. बॅटरीची तार प्रथम सोडावी, इंधनाची नळी बंद करावी, पाणी व तेल काढावे. प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधावी. आता तर खिशातील फोनने छायाचित्रही घेता येते. काढलेले बोल्ट त्यांच्या जागी परत अडकवून ठेवावेत, कारण त्यांची लांबी सारखी नसते. शेवटचा बोल्ट सोडण्यापूर्वी एखादी तार किंवा नळी अडकून राहिली नाही ना, हे गाडीभोवती एक फेरी मारून पाहावे.

आणि मालकाने, ‘संध्याकाळपर्यंत गाडी द्या,’ असा तगादा लावण्यापूर्वी एवढे विचारावे: काम कोणते आहे, इंजिन एकटे काढणार की गिअरबॉक्ससह, आणि ते उचलणार कशाने? या तिन्हींची उत्तरे जुळत नसतील, तर योग्य कप्पी मिळेपर्यंत गाडी एक दिवस आणखी उभी राहू द्यावी. त्या दिवसाचे भाडे बुडेल. पण खाली काम करणारा मुलगा धडधाकट घरी जाईल.