पहिला संशय कोणावर?

मागच्या पावसाळ्यात आमच्या मुर्रीतला एक तरुण कागदांचं बाड घेऊन घरी आला. "चाचा, कादंबरी लिहिली आहे. वाचून सांगा." मी कविता लिहिणारा माणूस. पण गावात लिहिणारे मोजकेच, त्यामुळे अर्जापासून कादंबरीपर्यंत सगळं माझ्याकडे येतं.

गोष्ट अशी. धानाची रोवणी चालू आहे, आईबाप बांधीत आहेत आणि सात वर्षांचा मुलगा दुपारपासून दिसत नाही. संध्याकाळी शोधाशोध सुरू होते. विहिरी पाहतात, तलाव पाहतात. पहिली वीस पानं मी जेवण बाजूला सारून वाचली. आपल्याकडे अशी कादंबरी तशी दुर्मिळच. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, लहानपणी मी त्यांच्या झुंजारवर आणि काळापहाडवर जीव टाकत असे. पण ते जग शहराचं. गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, तिथे रहस्य उभं करणं अवघड.

या पोरानं वाट काढली होती. एकविसाव्या पानावर त्यानं गावात एक फकीर आणला. हिरवा झगा, खांद्याला झोळी. गावकरी त्याला धरतात.

"याला कशाला आणलंस?" मी विचारलं.

"वाचकाला संशय यावा म्हणून. शेवटी तो निर्दोषच निघतो, चाचा."

"मग संशय सरपंचावर का नाही आणलास?"

तो हसला. "त्याच्यावर कोण संशय घेईल?"

मी त्याला मानवतची हकीकत सांगितली. परभणी जिल्ह्यातल्या या लहानशा गावात 1972 ते 1974 या काळात स्त्रियांचे आणि लहान मुलींचे एकामागून एक खून झाले. तपासासाठी मुंबईहून रमाकांत कुलकर्णी गेले. रामन राघवला ज्यांनी बोलतं केलं तेच अधिकारी. मागे होती गुप्तधनाची हाव आणि अघोरी समजुती. खटल्यात उभे राहिले ते रोज दिसणारे, गावात वावरणारे लोक. काहींना फाशी झाली, काही वरच्या न्यायालयात सुटले. या प्रकरणावरून तेंडुलकरांनी लिहिलेला आणि अमोल पालेकरांनी दिग्दर्शित केलेला 'आक्रीत' 1981 साली आला. 2024 मध्ये मालिकाही आली. पोलीस अधिकाऱ्याचं नाव आपल्याला पाठ आहे, आरोपींचीही. त्या मुलींपैकी एकीचं तरी नाव आठवतं का? मलाही आठवत नाही.

दुसरी हकीकत धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याची. 1 जुलै 2018, रविवार, बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाइलवरून पसरलेली. सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण जमावानं ठेचून मारले. तिथे मूल हरवलंच नव्हतं. तुझा फकीर निर्दोष निघतो, पण दीडशे पानांनंतर, असं मी त्या पोराला म्हटलं. त्या पाच जणांना कोणी एक पानही दिलं नाही.

मी हे जरा चिडूनच बोललो असेन. त्याला कारण आहे. माझा मामू सायकलला बांगड्यांची पेटी बांधून गावोगाव फिरायचा. गावात शिरला की पोट्टी त्याच्या सायकलमागे धावायची, तो त्यांना गोळ्या वाटायचा. त्याचा मुलगा आता मोटारसायकलवर तोच धंदा करतो. 2018 पासून त्यानं गोळ्या ठेवणं बंद केलं. मूल जवळ आलं तर दोन पावलं मागे सरतो.

मूल हरवणं खोटं असतं असं मी म्हणत नाही. आमच्या शेजारी गोंदिया जंक्शन. हावडा-मुंबई मार्ग तर आहेच, शिवाय बालाघाटकडे आणि चंद्रपूरकडे गाड्या सुटतात. रागावून घर सोडलेलं मूल फलाटावर पोहोचलं तर काही तासांत दुसऱ्या राज्यात असतं. म्हणून पहिला तास मोलाचा. या कादंबरीतला हवालदार बापाला म्हणतो, चोवीस तास वाट पाहा. मी तिथे पेन्सिलीनं खूण केली. बेपत्ता मुलाच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश 10 मे 2013 चा आहे. 1098 या क्रमांकावरही फोन करता येतो. हवालदाराचं ते वाक्य तसंच ठेव म्हटलं, पण मग त्याचा जाब विचारणारं कोणीतरी पुस्तकात हवं. तो बाप नको, त्याचे पाय लटपटत असतात.

आणखी एक खूण केली होती. विसाव्या पानानंतर त्या मुलाचं नाव कुठेच येत नव्हतं. फकीर, हवालदार, सरपंच, पत्रकार, सगळे बोलत होते. मुलगा नुसता 'बेपत्ता बालक' झाला होता.

दिवाळीनंतर तो पुन्हा आला. बाड जाड झालं होतं. फकीर आहेच, पण आता कंदील घेऊन तलावाच्या पाळीवर शोधणाऱ्यांत आहे, आणि लोक त्याच्याकडे वळून वळून पाहतात. मुलगा सापडतो का, असं मी विचारलं.

"अजून ठरवलं नाही," तो म्हणाला. "पण त्याची आई प्रत्येक प्रकरणात त्याला हाक मारते."