लेक नांदायला गेली, तरी कॉलेजच्या यादीत राहू द्या

(सामुदायिक रेडिओवरील भाषणाचा मजकूर)

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावहून आम्ही बचत गटांच्या समन्वयक बोलतोय.

आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, हा आमचा नाही. मुलांना नोकरीची वाट दाखवायला आणि जुन्या विद्यार्थ्यांशी संबंध ठेवायला कॉलेज व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, लिंक्डइन कसं वापरतं, असा तो विषय आहे. पण गटात कर्ज कशाला घेतलं जातं, ते आम्ही नोंदवहीत बघतो. बी-बियाणं, शेळी, दवाखाना, आणि त्याच्या जोडीला लेकरांची फी. ज्या शिक्षणाचं कर्ज आपण फेडतो, त्या शिक्षणाचं पुढं काय झालं, हा विषय आपलाच आहे. उमेदच्या दशसूत्रीत शिक्षणाचंही सूत्र आहे, ते काही नुसतं भिंतीवर रंगवायला नाही.

आधी कॉलेजात काय असतं ते सांगतो. एक असतो प्लेसमेंट सेल. कोणती कंपनी येणार, कुठं रोजगार मेळावा आहे, कोणत्या परीक्षेचा फॉर्म सुटलाय, हे तो सांगतो. दुसरा असतो माजी विद्यार्थी संघ. शिकून बाहेर पडलेल्या मुला-मुलींना तो कॉलेजशी जोडून ठेवतो. पूर्वी सूचना फलकावर कागद लागायचा आणि जो कॉलेजात हजर, त्यालाच तो दिसायचा. आता तोच कागद फोनवर येतो. फेसबुक तर सुरूच झालं कॉलेजच्या पोरांसाठी. २००४ साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात ते निघालं, तेव्हा फक्त विद्यार्थ्यांनाच त्यात जाता यायचं. लिंक्डइन २००३ सालचं. ते कामाच्या ओळखीसाठीच आहे, आणि आता मराठीतही वापरता येतं. त्यात कॉलेजचं नाव टाकलं, की तिथून शिकलेले कोण कुठं काम करतात ते दिसतं.

याचा आपल्याला उपयोग काय? शहरातल्या पोराचा मामा बँकेत असतो, काका कंपनीत असतो. घरात बसल्या बसल्या त्याला कळतं की कुठं अर्ज करायचा, मुलाखतीत काय विचारतात. आपल्या पोरीला अशी ओळख कुठून येणार? तिची ओळख म्हणजे तिच्याआधी त्याच कॉलेजातून बाहेर पडलेली पोरगी. पुण्यात मुलींनी राहावं असं वसतिगृह कुठं आहे, जाहिरातीत सांगितलेला पगार खरंच हातात पडतो का, रात्रपाळीला कंपनीची गाडी दारापर्यंत सोडते का, ही उत्तरं सूचना फलकावर नसतात. ती पुढं गेलेल्या ताईकडं असतात.

आता एक गोष्ट खरी खरी सांगतो. फोनमुळं नोकऱ्या वाढत नाहीत. जी जागा निघते, तिची खबर वेळेवर पोचते, एवढंच. पण खबर न पोचल्यानं गेलेली संधी आम्ही पाहिली आहे. आमच्या एका गटातल्या ताईंची मुलगी बी.कॉम. झाली. कॉलेजच्या यादीत नंबर भावाचा. प्रशिक्षणाचा निरोप त्याच्या फोनवर आला, तो चाकणला कामावर. त्यानं तो बघितला आठ दिवसांनी, तोवर मुदत संपलेली. मुलगी हुशार, कागदपत्रं तयार, आणि निरोप दुसऱ्याच्या खिशात.

आपल्या मुली या यादीतून कशा गळतात, ते नीट समजून घ्या. प्रवेशाच्या वेळी नंबर दिला जातो वडिलांचा नाहीतर भावाचा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी साधारण ५४ टक्के बायकांकडं स्वतः वापरायचा मोबाईल होता. खेड्यात हे प्रमाण निम्म्याहून कमी. पुढं लग्न होतं. सासरच्या गावात जुन्या सिमला रेंज नसते, म्हणून नवं सिम येतं. आडनाव बदलतं, गाव बदलतं. कॉलेजच्या वहीत माहेरचं नाव आणि बंद पडलेला नंबर राहतो. मुलगा पुण्याला गेला तरी ग्रुपमध्ये असतो. मुलगी शेजारच्या तालुक्यात दिली, तरी तिची खबर कॉलेजला नसते. कॉलेज हे पोरीचं दुसरं माहेर. माहेरचा निरोपच पोचला नाही तर ती येणार कशी?

म्हणून काही कामं सांगतो. सगळी घरी बसून होण्यासारखी आहेत.

पहिलं, मुलीच्या नावावर सिम घ्या आणि तो नंबर आयुष्यभर तिचाच ठेवा. सासरी त्या कंपनीची रेंज नसेल तर नंबर बदलायची गरज नाही, कंपनी बदला. २०१५ पासून देशात कुठंही गेलं तरी नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. इंग्रजीत पोर्ट लिहायचं, पुढं जागा सोडून आपला नंबर लिहायचा आणि तो मेसेज १९०० वर पाठवायचा. सिम बंद पडू देऊ नका. बरेच दिवस वापर नसेल तर कंपनी तो नंबर दुसऱ्याला देते, आणि तुमचे ओटीपी त्याच्याकडं जातात.

दुसरं, तिचा स्वतःचा ईमेल असू द्या. पासवर्ड तिला पाठ असावा. नेट कॅफेवाल्याच्या नंबरवर खातं उघडू नका.

तिसरं, नाव. पदवीच्या कागदावर माहेरचं आडनाव असतं. लिंक्डइनवर किंवा माजी विद्यार्थी संघाच्या अर्जात दोन्ही आडनावं लिहा. नाहीतर जुन्या मैत्रिणींना आणि सरांना ती सापडतच नाही.

चौथं, माहिती भरताना 'काही येत नाही' म्हणू नका. रासेयोचं शिबिर, एमएस-सीआयटी, मराठी टायपिंग, आईच्या गटाचा हिशोब लिहिलेला असेल तर तोही लिहा. हिशोब ठेवता येणं हे कामच आहे. सोबत केंद्र सरकारच्या नॅशनल करिअर सर्व्हिस आणि राज्याच्या महास्वयम या संकेतस्थळांवर नाव नोंदवा. दोन्ही फुकट आहेत. अडलं तर हिंगोलीच्या जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात विचारा.

पाचवं, विचारायची रीत. पुढं गेलेल्या ताईला पहिल्याच मेसेजात 'मला नोकरी लावा' लिहिलं तर तीही अवघडते. असं लिहावं: 'ताई, मी आपल्याच कॉलेजची, यंदा बी.ए. झाले. तुम्ही करता त्या कामाची तयारी कशी करायची, याबद्दल दोन प्रश्न विचारू का?' अशा मेसेजला उत्तर यायची शक्यता जास्त. आणि उत्तर आलं की आभार मानायला विसरू नये.

आता भीतीचं बोलू. पहिली भीती फसवणुकीची, आणि ती रास्त आहे. नोकरी पक्की आहे, नोंदणीचे पैसे भरा, गणवेशाचे पैसे भरा, असं कुणी म्हटलं की तिथंच थांबा. नोकरी देणारा पगार देतो, पैसे मागत नाही. आधारचा फोटो, बँकेचा तपशील ग्रुपवर टाकू नका. ओटीपी कुणालाच सांगू नका. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० ला फोन करा. जेवढा उशीर, तेवढे पैसे लांब जातात.

दुसरी भीती लोक काय म्हणतील याची. पोरीचा नंबर शंभर जणांच्या ग्रुपात कशाला, असं घरचे म्हणतात. तेही खोटं नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या साध्या ग्रुपात सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात. पण त्यावर तोड आहे. २०२३ पासून व्हॉट्सअ‍ॅपवर चॅनल निघालंय. त्यात कॉलेज सूचना टाकतं, मुली वाचतात, आणि एकमेकांना कुणाचा नंबर दिसत नाही. शिवाय आपला फोटो कुणाला दिसावा, आपल्याला ग्रुपात कुणी घ्यावं, हे फोनच्या सेटिंगमध्ये ठरवता येतं. गोष्ट नीट लावून घ्यावी. फोन काढून घेणं हा उपाय नाही.

राहिलं कॉलेजकडं काय मागायचं. ग्रामसंघानं मिळून प्राचार्यांना भेटावं आणि तीन गोष्टी मागाव्यात. शेवटच्या वर्षाला प्रत्येक मुलीचा स्वतःचा नंबर तपासून लिहावा. नोकरीच्या सूचनांसाठी चॅनल काढावं, आणि त्याच्यावर एक बाई प्राध्यापक असाव्यात. माजी विद्यार्थी मेळाव्याला लग्न झालेल्या मुलींनाही आठवणीनं बोलवावं. हे मागताना दबकू नका. नॅकच्या मूल्यांकनात मुलं पुढं कुठं लागली, माजी विद्यार्थी संघ काय करतो, हे बघितलं जातं. कॉलेजलाही आपल्या मुलींची माहिती हवीच असते.

आणि शेवटचं, सासूबाईंसाठी. आपल्या लेकीचं आपण बघूच. पण तुमच्या घरात आलेली सूनही कुठल्या तरी कॉलेजची माजी विद्यार्थिनी आहे. कदाचित नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची तिची पदवी ट्रंकेत पडून असेल. तिला विचारा, बाई, तुझा नंबर तुझ्या कॉलेजात आहे का? उद्या तिला काम मिळालं तर घर तुमचंच सावरेल. आणि तिला काम नको असलं, तरी तिच्या मागून येणाऱ्या पोरीला ती दोन गोष्टी सांगू शकेल.

पुढच्या बैठकीत बचत जमा झाली, हप्ते झाले, की नोंदवहीचं एक पान काढा. गटातल्या प्रत्येकीच्या घरात शिकलेली मुलगी किंवा सून कोण, तिचं कॉलेज कोणतं, तिचा स्वतःचा नंबर आहे का, आणि तो कॉलेजात नोंदलाय का, एवढं लिहा. जिथं 'नाही' येईल, तिथून काम सुरू करा. लिहायला अडचण आली तर आम्ही आहोतच.