तोंडी 'नाही' चालत नाही



मागं एकदा बचत गटाची बैठक उठली, हप्ते मोजून झाले, तरी आमच्यातली एक जण जागची हलली नाही. तिचं लेकरू 8 वर्षांचं, कानानं कमी ऐकणारं. शाळेत सांगितलेलं, "याला इथं काही समजत नाही, मूकबधिरांच्या शाळेत घाला." दवाखान्यात तपासणीत निघाले 30 टक्के. तिथं कुणीतरी म्हणालं, "40 नाहीत, मग काहीच मिळत नाही." म्हणजे शाळेला लेकरू जास्त बहिरं वाटतं आणि दवाखान्याला कमी! दोन महिने ते शेरडांमागं फिरत होतं.

आम्ही तिला पहिलं विचारलं, यातलं कागदावर काय आहे? टक्केवारीचं प्रमाणपत्र होतं. शाळेचं काहीच नव्हतं, सगळं तोंडी. तोंडी नकारावर दाद कुठं मागणार? उद्या म्हणतील, आम्ही कधी नको म्हटलं?

मग आम्ही चौघी तिच्याबरोबर शाळेत गेलो. भांडायला नाही. एका पानाचा अर्ज नेला: मुलाला पुढच्या बाकावर बसवावं, विशेष शिक्षकांचं मार्गदर्शन मिळावं, जमणार नसेल तर कारण लेखी द्यावं. दोन प्रती. एक दिली, दुसरीवर तारीख, सही, शिक्का घेतला. कुरकुर झालीच. कुणी पोच देतच नसेल तर पोस्टानं पाठवा आणि पावती जपून ठेवा, पिठाच्या डब्यात का होईना.

दिव्यांगांच्या हक्कांचा 2016 चा कायदा सांगतो, की सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेनं दिव्यांग लेकराला भेदभाव न करता घ्यायचं आणि त्याच्या गरजेप्रमाणे सोय करायची. तिथं 40 टक्क्यांची अट नाही. 40 टक्के लागतात ते काही वेगळ्या हक्कांसाठी. त्यातला एक म्हणजे 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षण, जवळच्या शाळेत नाहीतर पसंतीच्या विशेष शाळेत. पसंती आपली, शाळेची नव्हे. हे आम्ही गटात तीनदा वाचलं.

40 पेक्षा कमी असले तरी 6 ते 14 वर्षांच्या लेकराला 2009 चा शिक्षण हक्क कायदा आहेच. शाळा ऐकत नसेल तर त्या कायद्याखाली लेखी तक्रार करता येते. गावाकडच्या शाळेची तक्रार जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाकडं द्यायची. त्यांनी तुमचं म्हणणं ऐकून 3 महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. तो पटला नाही तर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडं, मुंबईला. पुण्याला दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथंही दाद मागता येते.

टक्केवारीची वाट निराळी. प्रमाणपत्र मान्य नसेल तर निर्णयापासून 90 दिवसांत अपील करायचं, प्रमाणपत्राची प्रत जोडून. प्रमाणपत्रच नाकारलं असेल तर नकाराचं पत्र जोडायचं. कारण लेखी देणं त्यांचं काम आहे. अपील कुणाकडं द्यायचं हे दवाखान्यातच लेखी विचारून घ्या. आमच्या बाईचे 64 दिवस उलटले होते. उरले 26, आणि त्यात सोयाबीनची काढणी. उमरगा, परंड्याकडून धाराशिवला जायचं म्हणजे एक दिवस आणि एक रोज गेला. आम्ही गटातून एस.टी.चं भाडं दिलं. तिच्या वाट्याचं रान दोघींनी काढलं. त्याशिवाय तिला जमलं नसतं, हे खरं. कायदा चांगला आहे, पण तो बाईचं खुरपं धरायला येत नाही.

अपील 81 व्या दिवशी दिलं. त्याचा निकाल अजून यायचाय. लेकरू मात्र शाळेत बसतंय, पुढच्या बाकावर. फक्त गुरुजी फळ्याकडं तोंड करून बोलले, की त्याला ओठ दिसत नाहीत. ते सांगायला उद्या परत जायचंय.