काकांची एमजीबी
(मंडळाच्या निधिसंकलनाच्या स्नेहभोजनात केलेलं भाषण)



जेवणाआधी आम्हाला दहा मिनिटं दिली आहेत आणि मागून मसालेभाताचा वास येतोय, तेव्हा पाल्हाळ लावत नाही. बाहेर दिव्याखाली जी हिरवी, दोन सीटची, उघड्या छताची गाडी उभी आहे, तिचे फोटो तुम्ही आल्यापासून काढताय. ती आज लिलावात आहे. ती इथवर कशी आली हे सांगायला आम्ही चौघं उभे आहोत. चौघांत मेकॅनिक एकही नाही. दोघं कॉम्प्युटरवाले, एक फार्मसिस्ट आणि एक बाई इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर.

गाडी आपल्या काकांची. जुन्या सभासदांना काका आठवतील. कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, गणपतीची आरास कागदावर मापं काढून करायचे. १९७९ साली त्यांनी ही १९७२ची एमजीबी सेकंडहँड घेतली. २००३मध्ये ब्रेक धरेनात म्हणून गॅरेजात उभी केली, ताडपत्री घातली, "पुढच्या उन्हाळ्यात बघू" म्हणाले. त्यानंतर अठरा उन्हाळे गेले आणि काकाही गेले. २०२१मध्ये काकूंचा फोन आला. "अरे, भंगारवाला दीडशे पाउंड देतोय. घेऊन टाकते आणि ते वसतिगृहाला पाठवा." काकू मूळच्या बीडकडच्या. ऊसतोडीला आईबाप दिवाळीच्या सुमाराला गाव सोडतात, मग मुलांची शाळा सुटते. ती मुलं गावातच राहून शिकावीत म्हणून जी हंगामी वसतिगृहं चालतात, त्यातल्या एकाला काकू दरवर्षी पैसे पाठवतात. आजचा निधीही तिथेच जाणार आहे.

आम्ही म्हटलं, काकू, एकदा बघू तर द्या. त्या बघण्याला तीन हिवाळे लागले.

एमजीबी ही काही राजेमहाराजांची दुर्मिळ गाडी नाही. ऑक्सफर्डजवळच्या अॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात अशा पाच लाखांवर गाड्या झाल्या. म्हणूनच आमच्यासारख्या नवशिक्यांचं फावलं. नटबोल्टापासून दारापर्यंत सगळं आजही नवीन मिळतं. मूळ साच्यांवर अख्खी बॉडी नव्याने बनवून देण्याचं काम १९८८पासून इंग्लंडात चालू आहे. पैसे असले की गाडी पुन्हा जन्माला घालता येते. आमच्याकडे तेवढे नव्हते, म्हणून आम्ही गंज कापायला बसलो.

गंजाविषयी जरा सविस्तर सांगतो, कारण तीच खरी गोष्ट आहे. ताडपत्री काढली तेव्हा वरून गाडी बरी दिसत होती. रंग फिका, क्रोमचे बंपर थोडे पुटकुळलेले, सीटमध्ये उंदराचं बिऱ्हाड. दाराखालच्या पत्र्यावर स्क्रूड्रायव्हरची मूठ ठोकली तर टणटण वाजायच्या जागी भद् आवाज आला. टोक लावलं तर मुठीपर्यंत आत. या दाराखालच्या भागाला सिल म्हणतात, म्हणजे आपला उंबराच. आधीच्या एमजीएला खाली वेगळी चासी होती. एमजीबीला ती नाही, पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. त्यात हे दोन उंबरे आतला, मधला आणि बाहेरचा असे थरावर थर जोडून केलेले असतात, आणि उघड्या गाडीला छताचा आधार नसल्यामुळे सगळा भार त्यांच्यावर येतो. उंबरा कुजला की गाडी मधून झुकते.

आम्ही पुस्तकं वाचली, वेल्डिंग शिकायला आमच्यातला एक वर्षभर कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गाला गेला. पेट्रोलची टाकी आधी काढून बाहेर ठेवली. आणि एवढं करून डाव्या बाजूला घाई केली. दाराच्या मोकळ्या चौकटीत आडवी लोखंडी पट्टी ठोकून ती पक्की करायची, मगच जुना सिल कापायचा, हे वाचलेलं होतं. "टेकूंवर तर आहे, कुठे हलतेय?" असं म्हणून पट्टी लावली नाही. चार रविवार खपून नवा सिल बसवला, दार लावायला गेलो तर बोटभर जागा कमी. दार बसेना. त्या दिवशी गॅरेजात कोणी कोणाशी बोललं नाही. पुढचे दोन रविवार स्वतःचंच वेल्डिंग कापण्यात गेले. उजव्या बाजूला मात्र पट्टी लावली, दार बिजागरीवर ठेवूनच काम केलं आणि प्रत्येक टाक्यानंतर दार उघडून मिटून पाहिलं. आज बाहेर जाऊन दोन्ही दारं लावून बघा. डावीकडचं किंचित जोरात लावावं लागतं. ते तसंच राहिलं.

इंजिन जाम होतं. स्पार्क प्लग काढून भोकांतून पातळ तेल सोडलं, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँकच्या नटाला मोठा पाना लावून रोज थोडा जोर द्यायचा, फार नाही. पाचव्या दिवशी केसभर हललं. मग हेड काढताना गंमत झाली. आमच्या फार्मसिस्टच्या वडिलांनी सोलापूरला बरीच वर्षं भाड्याची अँबेसिडर चालवली. हा लहानपणी बॉनेटखाली टॉर्च धरायचा. तो वाकून बघत राहिला आणि ओरडला, "अहो, हे तर अँबेसिडरचं इंजिन!" आम्ही हसलो, पण तो बरोबर होता. दोन्ही इंजिनं बीएमसी कंपनीच्या एकाच घराण्यातली, बी सिरीज म्हणतात ती. आपल्या अँबेसिडरचं १४८९ सीसीचं, हे १७९८ सीसीचं, दोन एसयू कार्बोरेटरवालं. त्यानंतर टॅपेट लावायचं काम त्याच्याशिवाय कोणी केलं नाही. तो वडिलांना व्हिडिओ कॉल लावून गॅप दाखवायचा आणि ते तिकडून सांगायचे, "आवाज ऐकव आधी."

हेड मात्र बाहेर मशीन शॉपला दिलं. या देशात २०००पासून शिसं घातलेलं पेट्रोल बंद झालं, म्हणून एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठका कडक धातूच्या करून घेतल्या. इंधनाच्या नळ्याही बदलल्या, कारण २०२१पासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्याने खराब होतं. ब्रेकचं तर सगळंच नवीन. जुन्या ब्रेकमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा ती धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा.

वायरिंग आमच्या इंजिनिअरबाईंनी एकहाती केलं. लुकासच्या वायरिंगवर इंग्रज लोक अंधाराचे विनोद करतात. बाईंचं मत वेगळं. तपकिरी वायर बॅटरीची, पांढरी चावीनंतरची, हिरवी फ्यूजमधून आलेली, काळी अर्थची. इतकं सरळ लिहिलेलं घराचं वायरिंग तरी असतं का, असं त्या विचारतात. निम्मे दिवे लागत नव्हते ते अर्थच्या टोकांना गंज चढला म्हणून. टोकं घासून पत्रा उघडा केला आणि दिवे लागले.

आता हिशेब. सुटे भाग आणि मशीन शॉप मिळून ७,१५० पाउंड झाले. ते चौघांच्या खिशातले, मंडळाचा एक पेनी नाही. तास मोजले ते नऊशेच्या आसपास. आजची पहिली बोली ८,००० पाउंडांची आहे आणि ती सगळी रक्कम वसतिगृहाला. आपल्या खजिनदारांनी आम्हाला सरळ विचारलं, "तेवढे पैसे आधीच पेटीत टाकले असते तर?" तर वसतिगृहाला जवळजवळ तेवढेच मिळाले असते, आणि तीन वर्षं आधी मिळाले असते. आमच्या मेहनतीचा भाव ताशी एक पाउंडसुद्धा पडत नाही. पण एकरकमी सात हजार आमच्यापैकी कोणी दिले नसते, हेही खरं. महिन्याला दोनशे पाउंड ब्रेकच्या नळ्यांना हसत दिले, तेच दानपेटीत टाकताना आम्ही वीसच्या नोटेवर थांबतो. तुम्हीही थांबता. म्हणून बोली आठ हजारांच्या वर जायला हवी आहे, बरीच वर.

आणखी एक सांगतो आणि बसतो. चाळीस वर्षांवरच्या गाडीला २०१८पासून एमओटी सक्तीची नाही, तरी आम्ही केली. पहिल्या खेपेला हँडब्रेकवर नापास, दुसऱ्यांदा पास. त्याच दुपारी गाडी काकूंच्या दारात नेली. काकू शेजारच्या सीटवर बसल्या. गाडी बंद होती. चावी एक टप्पा फिरवली, मागून पेट्रोलचा पंप टकटक करायला लागला. आमच्यातला एक स्टार्टर मारणार, तोच काकूंनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. "थांब रे. टकटक थांबू दे. हे नेहमी थांबायचे." टकटक थांबली. मग म्हणाल्या, "हं, आता."

गाडी कोपऱ्यावरच्या चर्चपर्यंत जाऊन परत आली. काकू उतरल्या आणि म्हणाल्या, "विका आता."

तर घेणाऱ्यासाठी सूचना. पेट्रोल सुपरच घालायचं. पुढच्या चाकांच्या किंगपिनला दर तीन हजार मैलांनी ग्रीस. कार्बोरेटरच्या डोक्यावरच्या टोपीत तेल आहे ना ते बघत राहायचं. बॅटऱ्या दोन आहेत, सहा-सहा व्होल्टच्या, सीटच्या मागे. एकच शोधून घाबरू नका. इंचातले पाने आम्ही गाडीबरोबर देतोय, मिलिमीटरचे तिला लागत नाहीत. पावसात ठेवू नका, म्हणजे या देशात काय ते समजा.

किल्ली काकूंकडे आहे. त्या तिसऱ्या टेबलाशी बसल्या आहेत.