एल्सबेथचे डोळे

आज एका आईच्या चित्राविषयी बोलणार आहे. मूळ चित्र स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहराच्या संग्रहालयात आहे. मी पाहिलं ते पुस्तकात छापलेलं. पण पान उलटलं तरी ती बाई डोळ्यांपुढून हलेना.

चित्रकार हान्स होल्बाइन. १५२६ साली कामाच्या शोधात तो इंग्लंडला गेला, दोन वर्षांनी घरी परतला आणि बायको एल्सबेथ, मुलगा फिलिप व धाकटी कातरिना यांचं चित्र काढलं. बैठक थेट माता मेरीच्या चित्रांसारखी. मांडीवर लेकरू, कुशीला मुलगा. पण मेरीच्या चेहऱ्यावरची शांती इथे नाही. पापण्या जड, डोळ्यांच्या कडा लालसर, नजर खाली कुठेतरी हरवलेली. नवरा समोर उभा राहून चित्र काढतोय आणि ती त्याच्याकडे पाहतसुद्धा नाही!

होल्बाइन वाईट माणूस होता का? इतकं सोपं नाही ते. धर्मसुधारणेच्या वादळात बाझलच्या चर्चमधली चित्रांची कामं आटली. १५२९ साली तर जमावाने चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रं फोडली. चित्रकाराने खायचं काय? त्याने कुटुंबासाठी घर विकत घेतलं होतं, हेही खरं. पण १५३२ साली तो पुन्हा इंग्लंडला गेला, आठव्या हेन्रीचा चित्रकार झाला आणि १५४३ साली लंडनमध्येच वारला. मृत्युपत्रात तिथल्या दोन लहान मुलांची सोय होती. एल्सबेथचं नाव नव्हतं. बाझलमध्ये चार लेकरं तिनेच वाढवली.

हे चित्र तिने नवरा हयात असतानाच विकून टाकलं. जग ज्याला थोर कलाकृती म्हणतं, ते तिला रोज भिंतीवर पाहवलं नसेल, असं मला आपलं वाटतं.

मी कविता लिहितो. आईच्या कष्टांवर लिहिलं, बायकोच्या थकव्यावर लिहिलं, टाळ्याही घेतल्या. त्या ओळी लिहिताना आतल्या खोलीत भांडी घासल्याचा आवाज येत होता, आणि मी उठलो नव्हतो. होल्बाइनने निदान एक प्रामाणिकपणा केला. आपण दिलेलं दुःख त्याने सुंदर करून दाखवलं नाही. लाल डोळे लालच ठेवले.

तेवढं तरी आपल्याला जमावं. आणि जमलं तर, लिहिता लिहिता उठावंही.